साडेअकरा लाखांचा गारवा

घरातला एसी मेला की आधी कानाला कळतं, अंगाला मागाहून. जुलै २०२५ मधली दुपार. साडेतीन वाजलेले. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते आणि छतावरची घरघर थांबली. नऊ वर्षं तिच्याखाली राहून ती मला ऐकू येईनाशीच झाली होती. थांबली तेव्हा ऐकू आली. मग वर 'टक्' झालं, दोन-तीन सेकंद कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज, पुन्हा 'टक्', आणि सामसूम. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर आकडा होता ७९ फॅरनहाइट, म्हणजे आपले सव्वीस. बाहेर ११४, म्हणजे आपले साडेपंचेचाळीस.

माझं माहेर अकोला, सासर अमरावती. साडेपंचेचाळीस हा आकडा आमच्याकडे अभिमानाने सांगायचा असतो. माझ्या लग्नाच्या बैठकीत बाबा आणि सासरे मानपानावरून कधी भांडले नाहीत, पण उन्हावरून भिडले. बाबा म्हणाले, "अमरावतीले कायचं ऊन? तुमच्याजवळ चिखलदरा हाय." सासरे म्हणाले, "तुमची मोर्णा कोरडी पडते म्हणून तुम्हाले ऊन जास्त वाटते. थर्मामीटर सारखंच हाय." आजही मे महिन्यात पेपर आला की दोन्ही घरांत आधी तापमानाची चौकट पाहिली जाते, आणि ज्याच्या गावाचा पारा अर्ध्या अंशाने वर तो दुसऱ्याला फोन करतो.

अशा दोन घरांची मी लेक-सून. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्समध्ये राहायला आलो तेव्हा सगळ्यांनी उन्हाची भीती घातली होती आणि मी हसले होते. पण त्या संध्याकाळी सहा वाजता थर्मोस्टॅट ८९ वर गेला आणि रात्री दहाला ९४ वर, तेव्हा हसू मावळलं. आमचं ऊन आणि इथलं ऊन यांत फरक रात्रीचा आहे. अकोल्यात गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडून गाद्या टाकल्या की पहाटे दोनच्या सुमाराला पायाशी चादर शोधावी लागायची. फिनिक्समध्ये १९ जुलै २०२३ रोजी किमान पारा ९७ वर थांबला होता, म्हणजे छत्तीस. हे त्या दिवसाचं सर्वांत थंड तापमान! दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्रभर ती उष्णता परत करत राहतं. अशा गावात गच्ची कामाची नाही, आणि आमच्या घराला तशी गच्चीही नाही.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आला. दहानंतर छतावर पाय ठेवता येत नाही, म्हणून इथली ही जमात शेतकऱ्यासारखी उजाडताच कामाला लागते. वीस मिनिटं वर ठोकाठोक करून तो खाली उतरला, मला मोबाइलवर चार फोटो दाखवले आणि एक शब्द उच्चारला : कंप्रेसर.

मला वाटलं, बरं झालं, एकच भाग गेला. त्याने मान हलवली. यंत्र २००९ चं होतं आणि त्यात आर-२२ नावाचा गॅस. हा गॅस ओझोनला भोकं पाडतो म्हणून १ जानेवारी २०१० पासून अमेरिकेत त्याची नवी यंत्रं बनवणं बंद झालं आणि १ जानेवारी २०२० पासून तो गॅस नव्याने बनवणं आणि आयात करणंही थांबलं. आता जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला साठा उरला आहे, त्याचा भाव विचारायचा नाही. म्हणजे आमचं यंत्र त्याच्या जातीच्या शेवटच्या वर्षातलं होतं. "कंप्रेसर एकटा बदलता येईल," तो म्हणाला, "पण माझ्या आईच्या घरी मी तसं करणार नाही." विक्रीचं हे वाक्य त्यांना शिकवून पाठवतात की काय कोण जाणे. आई मध्ये आली की माणूस विरघळतो.

मग त्याने टॅबलेटवर दर दाखवला. मी पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला.

त्या दिवसात आणखी दोघांना बोलावलं. एकाने ९,८०० डॉलर सांगितले आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची दिली. दुसऱ्याने १८,९००, त्यात दहा वर्षांची देखभाल आणि मोबाइलवरून चालणारा थर्मोस्टॅट. पहाटेचा पहिला मेकॅनिक मध्ये होता : १३,४०० डॉलर, पाच दिवसांत काम. डॉलर तेव्हा ८६ रुपयांच्या आसपास होता. मनातल्या मनात गुणाकार करायचा नाही असं इथे आलेल्या प्रत्येक भारतीयाला पहिल्याच वर्षी सांगतात, आणि प्रत्येक जण आयुष्यभर तो करतो. साडेअकरा लाख रुपये.

रात्री अकोल्याला फोन लावला. आई म्हणाली, "बाई वं! येवढ्यात त डाबकी रोडकडे प्लॉट आला असता." बाबांनी फोन घेतला. त्यांचा प्रश्न नेमका होता. "कंप्रेसर गेला न? मंग कंप्रेसर बदल. आखी मशीन कायले बदलतं?"

मी आर-२२, ओझोन, २०१०, २०२० असं सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तिकडे भाग मिळत नाही."

बाबांचा तो पहिला प्रश्न कूलर बांधलेल्या माणसाचा आहे. आमचा जठारपेठेतला कूलर त्यांनी विकत आणला नव्हता, जुळवला होता. पत्र्याची पेटी एका कारागिराकडून बनवून घेतली, पंख्याची मोटर दुसरीकडून, पाण्याचा छोटा टुल्लू पंप तिसरीकडून. खालच्या टाकीला आतून डांबराचा हात, वरून हिरवा रंग. होळी झाली की तो माळ्यावरून खाली यायचा आणि घरात उन्हाळा सुरू व्हायचा. रविवारी सकाळी बाबा बनियनवर बसत, तिन्ही बाजूंच्या ताट्या उघडत, मागच्या वर्षीचं काळपट कडक झालेलं गवत उपसून काढत. गवत आपलं म्हणायचं; असायची ती लाकडाची केसांसारखी बारीक सालपटं. नवं गवत पसरायचं, जाळीत दाबायचं, वरच्या पन्हाळीची भोकं खिळ्याने मोकळी करायची, टाकी कुठे गळत असेल तिथे एम-सील लावायचं. पंप सुरू केला की पहिल्या पाण्याबरोबर ओल्या लाकडाचा एक वास घरभर पसरायचा. वाळ्याच्या ताट्या लावणाऱ्यांकडे वाळ्याचा वास. ओल्या लाकडाचा तो वास आला की आम्हा भावंडांची परीक्षा संपत आल्याची खूण पटायची.

कूलरमध्ये न समजण्यासारखं काहीच नाही. कोरडी गरम हवा ओल्या गवतातून आत येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, हवा गार होते. माठ याच युक्तीवर चालतो. बिघडला तर काय बिघडलं ते दिसतं : पंप अडला, पट्टा तुटला, मोटर जळली. ज्याचं जे गेलं ते बदलायचं. बाबांचा कूलर सदतीस वर्षं झाली तरी उभा आहे. त्यातला पत्रा एकदा, मोटर दोनदा, पंप कितीदा बदलला त्याची मोजदाद नाही. गवत दर वर्षी. मूळचं आता काय उरलं विचारलं तर बाबा म्हणतात, "स्टँड."

उगाच गोडवे गाणार नाही. कूलरची किंमतही मोजलेली आहे. उन्हाळ्यात अकोल्याला चार-पाच दिवसांआड नळ यायचे आणि घरातली सगळ्यांत मोठी भांडणं कूलरच्या टाकीवरून व्हायची. पिण्याचं पाणी महानच्या धरणातून येणारं. ते कूलरला घालणं म्हणजे पाप. मग बोअरचं घालायचं. आमच्या आजोळी, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, ते पाणी इतकं खारट की मे संपेपर्यंत ताट्यांवर पांढरं मीठ धरायचं आणि पत्रा दोन वर्षांत चाळणी व्हायचा. त्याहून वाईट म्हणजे शॉक. पाणी आणि पत्रा आणि वीज एकाच पेटीत. ओल्या हाताने, अनवाणी कूलरला हात लावून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. "पहिले पिन काढ, मंग पाणी भर" हे वाक्य बाबांनी आम्हाला पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. आणि मृग लागला, हवेत ओल आली की तोच कूलर निरुपयोगी. अंगाला चिकचिक, गादीला कुबट वास. जूनच्या शेवटी त्याची रवानगी परत माळ्यावर.

मला खरा धक्का बसला तो एसीच्या दरापेक्षा वेगळ्याच गोष्टीने. दर कमी करता येतो का हे शोधताना या गावाचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की फिनिक्स मुळात कूलरचं गाव होतं. एसीच्या आधी इथली माणसं घराच्या जाळीदार व्हरांड्यात, ओल्या चादरी टांगून झोपत. १९३० च्या दशकात इथे कूलर बनायला लागले : पत्र्याची किंवा लाकडाची पेटी, पंखा, पाणी, आणि जाळीत दाबलेली अॅस्पेन नावाच्या झाडाची केसांसारखी सालपटं. म्हणजे आमचंच गवत! जठारपेठेत बाबा जे दाबत होते तेच पन्नास वर्षांआधी इथल्या कुठल्यातरी बापाने बनियनवर बसून दाबलं होतं. इथेही पावसाळा आला की कूलर हात टेकतो. हो, फिनिक्सलाही पावसाळा आहे आणि त्याला मॉन्सूनच म्हणतात. हवामान खात्याने तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा ठरवून दिला आहे. पाऊस मोजका, दमटपणा मात्र कूलर बिघडवण्यापुरता येतो.

मग एसी आला आणि त्याबरोबर गाव आलं. १९५० साली फिनिक्सची वस्ती एक लाख सात हजारांच्या घरात होती, २०११ च्या जनगणनेतल्या अकोल्याच्या पावपट. २०२० च्या जनगणनेत ती सोळा लाख झाली. एसी नसता तर यांतली बहुतेक माणसं, मीसुद्धा, इथे राहायला आली नसती. घरंही एसी गृहीत धरूनच बांधलेली. आमचं १९७८ चं : छत बुटकं, खिडक्या बहुतेक न उघडणाऱ्या, भिंती लाकडी सांगाड्यावर पातळ फळ्यांच्या. आजोळच्या धाब्याच्या घराच्या दीड हात जाड मातीच्या भिंती आठवल्या. त्या घरात दुपारी बारालाही जमिनीला गाल टेकवावासा वाटायचा. इथे एसी बंद पडला तर घर म्हणजे उन्हात लावलेली मोटार.

साडेअकरा लाख नेमके कशाचे, ते मी मेकॅनिककडून लिहून घेतलं. आपल्याकडे दुकानदाराला फोड करून मागितली की तो चिडतो. इथेही चिडतो, पण देतो. यंत्र ६,९०० डॉलर. मजुरी ३,२००. यंत्र आणि घरातल्या हवेच्या नळ्या जोडणारा पत्र्याचा नवा गळा ९००. वायर, ब्रेकर, थर्मोस्टॅट ७००. क्रेन ५००. परवाना आणि जुनं धूड घेऊन जाणं ४००. कर ८००. म्हणजे निम्मी किंमत यंत्राची आणि निम्मी ते यंत्र छतावर नेऊन बसवण्याची आणि कराची. भावाने २०२५ च्या दिवाळीत अकोल्यात दीड टनाचा एसी घेतला, ३६,५०० रुपयांना. २२ सप्टेंबरपासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून तो दिवाळीपर्यंत थांबला होता. बसवायला दोन मुलं मोटारसायकलवर आली, एकाच्या मांडीवर ड्रिल मशीन. दीड तासात भिंतीला भोक, तांब्याची नळी, बाहेर लोखंडी स्टँड. मजुरी अठराशे. तिसऱ्या मजल्याबाहेर त्या स्टँडवर एक मुलगा दोराशिवाय उभा होता, असं भाऊ सहज सांगून गेला. इथल्या ३,२०० डॉलरांत त्या मुलाचा पट्टा, विमा आणि गॅस हाताळायचा सरकारी परवाना येतो. मजुरी महाग म्हणून मी कुरकुरले खरी, पण भावाचं ते वाक्य ऐकल्यावर गप्प बसले.

दुसरा फरक मापाचा. भावाने एक खोली गार केली. अमेरिकेत घर गार करतात, सगळं. आमचं यंत्र चार टनांचं. एसीचा टन वजनाचा नसतो हे माहीत होतं, पण तो बर्फाचा असतो हे तेव्हा वाचलं : एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी क्षमता म्हणजे एक टन. चार टन म्हणजे दिवसाला साडेतीन हजार किलोंहून जास्त बर्फ. अकोल्यात लग्नाच्या सरबतासाठी पोत्यात गुंडाळून बर्फाची एक लादी आली की आम्ही पोरं तिच्यामागे धावायचो. इथे तीन माणसांसाठी रोज ट्रकभर लाद्यांचा गारवा, त्यात रिकामी पाहुण्यांची खोली, बोळ आणि कपडे ठेवायची कपाटंसुद्धा गार.

त्यात काळ वाईट निवडला. २०२० च्या एका कायद्याने अमेरिकेत आर-४१०ए या पुढच्या पिढीच्या गॅसचीही नवी घरगुती यंत्रं बनवणं १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. हा गॅस ओझोनला सोडतो, पण पृथ्वी तापवतो. त्याच्या जागी आर-३२ आणि आर-४५४बी आले. ते किंचित पेट घेणारे, म्हणून गळती ओळखणारा सेन्सर लागतो, म्हणून दर वाढले, आणि त्या उन्हाळ्यात नव्या गॅसच्या टाक्यांचाच तुटवडा होता. भावाच्या अकोल्यातल्या एसीत आर-३२ च आहे. आपल्याकडे तो कधीच येऊन रुळला आणि कुणाला पत्ताही नाही.

पण या सगळ्या हिशोबात एक रकम लिहिलेली नाही. ३,२०० मजुरी, ५०० क्रेन हे ठीक. मी हो म्हटलं ते पारा ११४ वर होता म्हणून, घरात आठ वर्षांचा मुलगा होता म्हणून, आणि दुसरी काहीच सोय नव्हती म्हणून. डिसेंबरात हेच यंत्र गेलं असतं तर मी आठवडाभर घासाघीस केली असती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. साडेअकरा लाखांतला मोठा वाटा त्या अडण्याचा होता.

पाच दिवस काढायचे होते. पहिल्या रात्री हॉटेल. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हताशपणे लिहिलं आणि तासाभरात एक ओळखीही नसलेले नांदेडचे काका गाडीच्या डिकीत खिडकीत बसवायचा जुना छोटा एसी घेऊन दारात हजर. "माझं यंत्र मागच्या वर्षी गेलं तेव्हा दोनशे डॉलरला घेतला होता. तेव्हापासून हा गावभर फिरतो आहे. तुमचं झालं की पुढच्याला द्या." बेडरूमची एक खिडकी कशीबशी वर सरकली, तिच्यात तो बसवला, फटी पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने बंद केल्या. पुढच्या चार रात्री आम्ही तिघं त्या एका खोलीत झोपलो, जमिनीवर गाद्या टाकून. मुलगा म्हणाला, "आई, हे छान आहे, आपण असंच राहू या." त्याला कूलरसमोर ओळीने झोपणं म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला क्रेन आली. पिवळ्या दिव्यांत तिचा हात आमच्या घरावरून वर गेला, जुनं गंजलेलं यंत्र पट्ट्यांना लटकून रस्त्यावर उतरलं, आणि नवं चकचकीत वर चढलं. शेजारचे म्हातारे गृहस्थ कॉफीचा मग घेऊन अंगणात उभे होते. बैलगाडी रुळावर अडकली तर गाव जमतं तसं. साडेनऊला घरघर सुरू झाली. मी देवापुढे दिवा लावला, आणि कर्जाच्या साठ हप्त्यांच्या कागदावर सही केली.

ज्यांना सही करता येत नाही त्यांचं काय होतं, याची उत्तरं या गावाने माणसं गमावून शिकली आहेत. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस कमाल पारा ११० किंवा त्याहून वर, म्हणजे त्रेचाळीसच्या पुढे गेला. त्या वर्षी फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी जोडलेले ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले जे घरात गेले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात एसी होता, चालू नव्हता. २०१८ मध्ये इथल्या एका वृद्ध बाईची वीज थकबाकीसाठी तोडली गेली आणि ती उन्हाने घरातच गेली. थकबाकी होती ५१ डॉलर. त्यानंतर राज्यात नियम झाला : १ जून ते १५ ऑक्टोबर, बिल थकलं तरी घराची वीज तोडायची नाही. शहराचा कायदा तर मला फारच आवडतो. भाड्याच्या घरात एसी असेल तर घरमालकाने खोली ८२ फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि कूलर असेल तर ८६ च्या वर. म्हणजे गारवा ही इथे नळाच्या पाण्यासारखी मालकाची जबाबदारी आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात कूलरला अजून जागा आहे.

आपल्याकडेही असं काही सुचू लागलं आहे. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५.८ वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. बाबांनी आयुष्यात ते कलम दंगलीसाठी लागलेलं पाहिलं होतं, उन्हासाठी पहिल्यांदा. मजुरांना पाणी आणि पंखे द्या, खासगी शिकवण्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बंद ठेवा, असा आदेश. बाबांनी तेव्हाही आधी अमरावतीला फोन केला होता : "आमच्या उन्हाले आता पोलीस लागते!" पण फोन ठेवल्यावर हळूच आईला म्हणाले, "पोराले एसी घ्याले सांग."

तो एसी आता आहे. दिवाळीत गेले तेव्हा त्याखाली झोपले आणि छान झोपले. खोटं कशाला बोलू? चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांना अमरावतीत मे महिन्यात एसी हवाच, आणि ज्याला परवडतो त्याने अपराधी वाटून घेऊ नये. पण अकोल्याच्या त्या गल्लीत मागच्या बाजूने चालताना दोन्हीकडून गरम हवेचे झोत अंगावर आले. बारा घरांत नऊ एसी, आणि संध्याकाळी लोड वाढला की डीपी उडते. मग नऊही घरं एकदमच अंधारात आणि एकदमच गरम. दारं-खिडक्या एसीसाठी पक्क्या बंद केलेल्या, नवे बंगले सरळ काँक्रीटचे, धाब्याची घरं पाडलेली, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि सोलरची पॅनलं, गादी टाकायला जागा नाही. मला माझं फिनिक्सचं घर आठवलं. तिथे पोचायला त्यांना सत्तर वर्षं लागली. आपण दहा-पंधरा वर्षांत निघालो आहोत.

अमरावतीला राजापेठेत सासऱ्यांच्या अंगणात त्यांचा कूलर बाहेर काढून ठेवला होता. भंगारवाला पत्रा किलोने घेणार होता. चारशे रुपये ठरले होते. मी म्हटलं, मामाजी, हा देऊ नका. ते म्हणाले, "एसी आला न आता, याले कायले ठेवतं?" मी त्यांना त्या पाच रात्रींची, खिडकीतल्या डब्याची आणि क्रेनची गोष्ट सांगितली. साडेअकरा लाखांचा आकडा ऐकून त्यांनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

यंदा होळीनंतर त्यांनी तीन नव्या ताट्या लावल्या. साडेतीनशे रुपये. एसी झोपायच्या खोलीत, कूलर बैठकीत. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, कूलर चालतो, हेही त्यांनीच मला फोनवर सुनावलं. इकडे नांदेडच्या काकांचा खिडकीतला एसी मी ऑगस्टमध्ये मेसा गावच्या एका गुजराती कुटुंबाला पोचवला आणि स्वतःसाठी दुसरा घेऊन गॅरेजमध्ये ठेवला आहे, दोनशे तीस डॉलरचा.

वऱ्हाडातल्या माझ्या माणसांनो, एसी जरूर घ्या. पाच तारे बघून घ्या, चोवीसवर ठेवा, बसवायला येणाऱ्या पोराला कमरेला दोर बांधायला लावा. पण एक खिडकी उघडी राहील अशी ठेवा, गच्चीवर दोन गाद्यांपुरती जागा ठेवा. आणि कूलर भंगारात देऊ नका.